फी भरायच्या आधी: नागपुरात कॉलेजचा खर्च आवाक्यात आणायचा कसा

बारावीचा निकाल लागला की घरात आधी टक्क्यांची चर्चा होते आणि लगेच फीची. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "घेऊन टाक ना ॲडमिशन, स्कॉलरशिप तं मिळतेच नंतर." हा सल्ला अर्धाच खरा आहे. स्कॉलरशिप मिळणार की नाही आणि किती मिळणार, हे बहुतेक वेळा प्रवेशाच्या आधीच ठरून गेलेलं असतं. जागा कोणत्या फेरीतून घेतली, कॉलेज कोणत्या प्रकारचं, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, दाखले हातात होते की नव्हते, यावर सगळं अवलंबून असतं. एकदा पावती फाटली की फॉर्म भरणं आणि वाट पाहणं, एवढंच उरतं.

म्हणून पुढचा क्रम फॉर्मपासून सुरू होत नाही. ऑटो चालवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंत्राटावर असणाऱ्या किंवा काटोल, कुही, भिवापूरकडे कोरडवाहू शेती करणाऱ्या घरांतल्या मुलामुलींना समोर ठेवून तो लावला आहे.

पहिली पायरी: कागद, आणि तेही अकरावीतच

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत व्हॅलिडिटी. इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल, लॉ अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. पण कॉलेज सांगेल तेव्हा करू म्हणून बसू नका, स्वतः विचारा.

इथे अडतं ते जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा कागद मागितला जातो. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात सरळ पुरावा. ते शाळेत गेलेच नसतील तर आपल्या विदर्भात कोतवाल बुकाची नक्कल कामी येते. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. त्यासाठी मूळ गाव ज्या तालुक्यात येतं तिथल्या तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. पणजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल हाताशी असेल तर शोध लवकर लागतो, नाही तर कारकून तरी किती बस्ते सोडणार. वडील, काका, चुलत भाऊ यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, अर्ध काम तिथंच होतं.

दुसरा कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. त्यामुळे जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये चालेल असं धरू नका. १ एप्रिलनंतर नवा काढून ठेवा. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण ही तहसील कार्यालयं वेगळी आहेत. वाडी-बेसा भागातली मंडळी शहराच्या रांगेत उभी राहतात आणि दुपारी कळतं की आपलं गाव ग्रामीणमध्ये. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागेल असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीचं हे मुद्रांक शुल्क सरकारने माफ केलेलं आहे, साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र चालतं.

नॉन क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांची गल्लत फार होते. नॉन क्रिमिलेयर म्हणजे घर सधन गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र. ते इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गासाठी असतं. त्यात तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, आणि पगार व शेतीचं उत्पन्न त्या हिशेबात धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्न दाखल्यात मात्र सगळं धरतात. म्हणजे एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही, दोन्ही लागतात. खुल्या प्रवर्गातल्या गरीब घरांसाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. त्याशिवाय रहिवासी दाखला, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला.

आता आधार. बघायला किरकोळ, पण पैसे अडकतात ते बहुधा इथंच. तीन गोष्टी तपासा. एक, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का. 'शुभांगी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी 'एच' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यानेही अर्ज परत येतो. दोन, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का. कित्येक घरांत तो नंबर बाबांच्या जुन्या, रिचार्जअभावी बंद पडलेल्या सिमचा निघतो आणि ओटीपी हवेत जातो. तीन, बँक खातं आधारशी नुसतं लिंक नाही, तर 'सीड' आहे का. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी खातं सीड होणं वेगळं. शिष्यवृत्तीचे पैसे शेवटी जे खातं सीड झालं असेल त्यात जातात, तुमच्या हातात पासबुक कोणतंही असो. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं. मध्येच कुणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात.

दुसरी पायरी: फीचा आकडा फोडून बघा

कॉलेज एकच आकडा सांगतं. त्याचे तुकडे करायला शिका: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, आणि मग बस, गणवेश, 'इतर उपक्रम' वगैरे. हे तुकडे महत्त्वाचे, कारण बहुतेक योजना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क देतात. बाकीचं तुमच्या खिशातून जातं.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी कॉलेजच्या मर्जीवर नसते, शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवतं आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्याच्या वेबसाइटवर बघता येते. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायच्या आधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजपुढे तो आकडा लिहा. मंजूर आकड्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बऱ्याच 'इतर' गोष्टी आपोआप गळतात. देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तिला नाव काहीही दिलं तरी.

तिसरी पायरी: जागा कोणती घेता त्यावर खरी बचत

आधी पारंपरिक पदवी घेऊ. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचं असेल तर कॉलेजच्या नावाआधी एक प्रश्न विचारा: ही तुकडी अनुदानित आहे का? एकाच कॉलेजात, एकाच जिन्यावर, अनुदानित बी.कॉम. आणि विनाअनुदानित बीसीसीए (कॉमर्स आणि कॉम्प्युटरची पदवी) शेजारी शेजारी चालतात आणि दोन्हींच्या फीत अनेक पटींचा फरक असतो. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानितमध्ये तो तुमच्या फीतून निघतो. आपल्याकडे बीसीसीएचं आकर्षण मोठं आहे. माझं मत विचाराल तर पैशाची चणचण असलेल्या मुलाने अनुदानित बी.कॉम. करून जोडीला टॅली किंवा कॉम्प्युटरचा चांगला कोर्स केला तर खर्चही कमी होतो आणि हाती कामही लवकर येतं. शासकीय संस्थाही याच शहरात आहेत: शासकीय विज्ञान संस्था, आणि १८८५ पासून चालत आलेलं जुनं मॉरिस कॉलेज, म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. पहिल्या पसंतीत ही नावं असायला हवीत. प्रवेश मिळाला नाही तर पुढची.

बीबीए, बीसीए आता वेगळ्या वाटेने जातात. २०२४ पासून त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, आणि केंद्रीय प्रवेश फेरी आहे. सीईटी दिलीच नाही तर त्या दारावरूनच परत यावं लागतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत पहिला नियम असा: प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, म्हणजे कॅप राउंडमधून. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की शिक्षण शुल्काच्या बहुतेक योजना बंद होतात, मग तुम्ही कितीही गरीब असा. दुसरा नियम कॉलेजचं आजचं स्वरूप बघण्याचा. गेल्या काही वर्षांत नागपुरातल्या काही नावाजलेल्या कॉलेजांचं खासगी विद्यापीठात रूपांतर झालं. पाटी जवळपास तीच दिसते, पण मुलींच्या मोफत शिक्षणासारख्या योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. ताईने चार वर्षांपूर्वी त्याच कॉलेजात स्कॉलरशिपवर शिक्षण घेतलं म्हणून धाकट्यालाही मिळेल, असं धरून चालू नका. यंदाच्या माहितीपुस्तिकेत कॉलेज कशाखाली दिलंय ते वाचा.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. कुही तालुक्यातली इतर मागास प्रवर्गातली मुलगी, घरचं उत्पन्न दीड लाखाच्या आत. खासगी इंजिनीअरिंग कॉलेजची फी समजा ९५,०००, त्यातलं शिक्षण शुल्क ८५,००० आणि विकास शुल्क १०,०००. कॅपमधून गेली तर ८५,००० माफ होतात, वर्षाला १०,००० आणि अनामत तिने भरायची. तीच मुलगी व्यवस्थापन कोट्यातून गेली, तर वर्षाला पूर्ण ९५,०००. चार वर्षांत ३,४०,००० रुपयांचा फरक, आणि तोही वर्गात शेजारच्याच बाकावर बसून.

मुलांसाठी, विशेषतः खुल्या प्रवर्गातल्या, एक जागा फार कमी लोक मागतात: टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा. एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य संस्थांत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा या योजनेत असतात. शिक्षण शुल्क पूर्ण माफ, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, जात कोणतीही. मात्र या जागांचा ऑप्शन कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' येतो. साधा कोड भरला आणि 'टी'चा भरलाच नाही, तर मेरिट असूनही ती जागा तुम्हाला मिळणार नाही. तेच कॉलेज, तीच शाखा, पण दोन्ही कोड यादीत टाका, 'टी'चा वर. पुढे शाखा किंवा कॉलेज बदलायची सोय या जागेवर नसते, तेवढं लक्षात असू द्या.

जेईईचे गुण चांगले असतील तर बजाजनगरजवळच्या व्हीएनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग संस्थेला (एनआयटी), 'ते आपल्यासाठी नाही' म्हणून वगळू नका. एनआयटीत अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. इतरांत कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफी. बऱ्याचदा ते मधल्या दर्जाच्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं. न्यू खापरीचं शासकीय अभियांत्रिकी कॉलेजही यादीत वर ठेवा.

दहावीनंतरच विचार चालू असेल तर शासकीय तंत्रनिकेतनाची वाट बघा. तीन वर्षांचा डिप्लोमा, कमी फी, आणि नंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कोचिंगवर लाख-दीड लाख घालायची ऐपत नसलेल्या घरासाठी मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आणि जेईई, नीट, सीईटीची तयारी करायचीच असेल, तर इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती ही राज्य सरकारची संस्था दहावीनंतर मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि डेटा देते. तिचं मुख्यालय नागपुरातच, दीक्षाभूमीसमोरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अशाच सरकारी संस्था मराठा समाजासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी.

चौथी पायरी: तुमची योजना कोणती

बहुतेक योजना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. तिथली नावांची यादी बघून डोकं गरगरतं, म्हणून प्रवर्गानुसार बघा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो, तो अभ्यासक्रमाच्या गटानुसार वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ४,००० ते १३,५०० आणि घरून येणाऱ्याला २,५०० ते ७,००० रुपये. उत्पन्न २.५ लाखांवर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. तिला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि 'आपलं बसत नाही' म्हणून ते अर्जच करत नाहीत.

अनुसूचित जमाती: २.५ लाखांची तीच मर्यादा, योजना आदिवासी विकास विभागाची. अपर आयुक्तांचं कार्यालय गिरीपेठेत आहे.

इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास: कमी उत्पन्नासाठी शिष्यवृत्ती, आणि त्यावर ८ लाखांपर्यंत नॉन क्रिमिलेयरच्या आधारे शिक्षण-परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती.

खुला प्रवर्ग: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ८ लाखांपर्यंत, मुलांना निम्मं शुल्क. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते, म्हणूनच रेशनकार्ड मागतात.

मुली: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. अनाथ मुलगे-मुली दोघांनाही. 'मुलींचं सगळं फुकट झालं' अशी बातमी गावोगाव पोचली आहे, पण विकास शुल्क, अनामत, मेस हे त्यात नाही.

महाडीबीटीच्या बाहेर, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणखी दोन गोष्टी बघा. बारावीला बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० देते. तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० आहे, दिव्यांगांसाठी सक्षम तेवढीच. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणाहून पैसे घेता येत नाहीत. फी एका योजनेतून आणि राहण्याचा भत्ता दुसरीतून, हे मात्र चालतं.

पाचवी पायरी: राहणं आणि जेवण

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी फीपेक्षा हा खर्च जड असतो, आणि बोलणं त्याचंच कमी होतं. पहिला पर्याय शासकीय वसतिगृह. सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या तिन्ही विभागांची वसतिगृहं नागपुरात आहेत. अर्जाची मुदत निकालानंतर लगेच असते आणि पोर्टल महाडीबीटीपासून वेगळं. प्रवेशाच्या धावपळीत हा अर्ज राहून जातो. कॉलेज पक्कं व्हायची वाट न बघता वेळापत्रक आधी बघून ठेवा.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. मेडिकल-इंजिनीअरिंगला साहित्यासाठी ५,००० वेगळे, इतरांना २,०००. भारत सरकार शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता यातून वजा होतो, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून बजेट आखू नका. विद्यार्थी नागपूरचाच रहिवासी असेल तर स्वाधार नाही, आणि ७५ टक्के हजेरी लागते. जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास व विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. 'आधार'च्या जागा जिल्ह्यागणिक मर्यादित असतात आणि गुणवत्तेने भरतात. खुल्या प्रवर्गातल्या नोंदणीकृत मजुरांच्या किंवा अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

या योजनांत भाडेकरार किंवा खोलीमालकाचं पत्र मागतात. खोली ठरवतानाच मालकाला विचारा, "काका, भाडेकरार करून द्याल ना?" नंतर विचारलं की कराच्या भीतीने बरेच मालक मागे सरतात.

सहावी पायरी: फॉर्म, आणि त्याचा पाठपुरावा

फॉर्म कॅफेत भरला तरी चालेल, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. कॅफेवाला सोयीसाठी स्वतःचा टाकतो आणि पुढच्या वर्षी पासवर्ड शोधत तुम्ही त्याच्या मागे. युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ओटीपी कुणी फोनवर मागितला, तर ती स्कॉलरशिप नाही, चोरी आहे.

सबमिट केलं म्हणजे झालं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की तो परत पाठवला जातो आणि दुरुस्तीला ठरावीक दिवस असतात. खिडकीवरचा नेहमीचा संवाद असा:

"मॅडम, फॉर्म तं मी ऑगस्टमध्येच भरला होता."

"भरला होता बेटा, पण तो सेंड बॅक होऊन महिना झाला. लॉगिन करून पाहिलं नाही का?"

आठवड्यातून एकदा लॉगिन करा. कॉलेजात दोन-दोन हजार अर्ज एकाच टेबलावर असतात, तिथला माणूस फोन करून सांगेल ही अपेक्षा ठेवू नका. झेरॉक्सचा एक संच कॉलेजात दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

सातवी पायरी: मंजुरी आणि पैसे यांच्या मधला काळ

शिष्यवृत्ती मंजूर होते, पैसे मात्र हप्त्यांनी आणि उशिरा येतात, कधी वर्ष संपल्यावरही. मुलं कॉलेज सोडतात ती बहुधा याच काळात.

प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. तरी कॉलेजने मागितलं तर वाद घालत बसू नका, लेखी अर्ज द्या: "मी अमुक योजनेस पात्र आहे, कागदपत्रे सोबत जोडली आहेत, शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून जमा होईल, उर्वरित रक्कम तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी." पोच घ्या. लेखी नकार द्यायला फारसं कुणी धजावत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर त्या योजनेच्या जिल्हा कार्यालयात जा. अनुसूचित जातींच्या योजनांसाठी समाज कल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय सामाजिक न्याय भवनातच आहे.

काही योजनांत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि ठरलेल्या दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात आजारपण, लग्न, बियाण्याची खरेदी असं काहीतरी चालूच असतं आणि ती रक्कम तिकडे वळते. मग कॉलेज गुणपत्रिका अडवतं. मेसेज आल्याच्या दिवशीच भरून पावती घ्या.

हातखर्चासाठी कॉलेजात आणि विद्यापीठाच्या विभागांत 'कमवा आणि शिका' योजना चौकशी करण्यासारखी आहे: ग्रंथालय, कार्यालय, बागेत तासांवर काम. पैसे थोडे, पण वर्ग बुडत नाही. रात्रभर डिलिव्हरी करून सकाळी पेंगणाऱ्या मुलाची हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की भत्त्यापोटी जे जातं ते त्या कमाईपेक्षा जास्त असतं.

प्रवास आणि पुस्तकांचं थोडक्यात. एसटीचा विद्यार्थी पास घेतला तर भाड्याच्या एक तृतीयांशच भरावे लागतात. रेल्वेचा घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत असतो, मुलांना बारावीपर्यंत. काटोल, वर्धा, भंडारा रोडकडून रोज येणाऱ्या मुलीसाठी ही खोलीभाड्याला पर्याय ठरणारी सोय आहे. कॉलेजकडून बोनाफाइड घ्या आणि स्टेशनवर चौकशी करा. पुस्तकं बर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून घ्या आणि सत्र संपल्यावर तिथंच परत द्या.

आठवी पायरी: कर्ज, आणि तेही शेवटी

वरचं सगळं करूनही फट उरली तर तेवढ्याचंच कर्ज घ्या, पूर्ण फीचं नको. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँक तारण मागत नाही, आणि पत हमी योजनेत ७.५ लाखांपर्यंतही तारणाशिवाय मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांत प्रवेश घेतलेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींविना कर्ज आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर ३ टक्के सवलत. व्हीएनआयटीसारख्या संस्थेत असाल तर आधी हाच अर्ज करा. इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जाला लागू आहे. व्याज तुम्ही वेळेवर भरायचं, महामंडळ ते परत करतं.

शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तेव्हा शे-पाचशे त्यात टाका. आणि फीसाठी आईच्या नावावर आठवड्याच्या वसुलीचं मायक्रोफायनान्स कर्ज घेऊ नका. शिष्यवृत्ती वर्षाने येणार आणि वसुलीवाला सोमवारी, हा हिशेब कधीच जुळत नाही.

प्रवेश बदलला तर, आणि दुसऱ्या वर्षी

चांगली जागा मिळाली म्हणून आधीचा प्रवेश रद्द केला तर पैसे बुडाले असं समजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते, फार तर ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलनेही पाठवा म्हणजे तारीख पक्की राहते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपचे स्वतःचे नियम आणि तारखा असतात, त्या माहितीपुस्तिकेत बघा.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. निकाल उशिरा लागला तरी पोर्टलची तारीख चालूच असते, म्हणून नवा उत्पन्न दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा. बँक खातं मध्ये बदललं असेल तर सीडिंग पुन्हा तपासा. शेवटच्या वर्षी टीसी घेताना अनामत रकमेची पहिल्या वर्षीची पावती सोबत न्या. ती रक्कम परत मागावी लागते, आणि पावतीविना खिडकीवर कुणी ऐकून घेत नाही.